मलाक्काचा नवस, खांदेरीचा वेताळ

खांदेरी बेटावरून परत आल्यापासून स्टाफरूममध्ये मला एकच प्रश्न विचारला जातोय, "खजिना दिसला का?" दिसला असता तर मी नववीचे पेपर तपासत बसले असते का, हे माझं ठरलेलं उत्तर. पण इतिहास शिकवणाऱ्या बाईनं चाच्यांच्या दर्यात जाऊन यावं आणि गप्प बसावं, हे काही मला जमायचं नाही. शिवाय माझ्यासोबत खरे चाचे हाताच्या अंतरावरून पाहिलेला माणूस होता. माझे वडील.

आप्पा तळ्याचे. आमचं तळा म्हणजे डोंगराच्या कुशीतलं, भातशेतीचं गाव. तिथल्या माणसाचा आणि बोटीचा काय संबंध? पण शेत पुरेना म्हणून आप्पा मुंबईला गेले, आणि मुंबईहून मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून चढले ते केस पांढरे होईपर्यंत उतरले नाहीत. धर्मांतरानंतर वर्षाच्या आत जन्मले म्हणून आजोबांनी नाव ठेवलं गौतम. बोटीवर त्यांना जिवाभावाचा दोस्त मिळाला तो अलिबागजवळच्या थळचा हिरामण कोळी. हिरामणकाका त्यांना गोत्या म्हणतात. आमच्या अख्ख्या भावकीत ही हिंमत दुसऱ्या कोणाची नाही.

हा प्रवास घडला तो हिरामणकाकांच्या बायकोमुळे. ताराकाकींचा फोन आला तोच रडवेल्या आवाजात. "सुजा, तुझ्या बापाला घेवन ये ग. डाक्टर बोलतो, बायपास लगेच करा, उशीर नको. आनि हा मानूस बोलतो, पयला वेताळाचा नवस फिटूं दे, मंग काय कापाकापी करायची ती करा!"

हा नवस आमच्या घरात मला समजायला लागल्यापासून गाजतोय. मलाक्काच्या सामुद्रधुनीत बोटीवर चाचे चढले, तेव्हा हिरामणकाकांनी खांदेरीच्या वेताळाला नवस बोलला. स्वतःपुरता बोलले असते तर केव्हाच फेडून मोकळे झाले असते. पण ते बोलले दोघांच्या वतीनं, आप्पांना न विचारता. आणि कोळीवाड्यातला रिवाज कडक. ज्याचं नाव घेऊन नवस बोलला, त्यानंच देवासमोर जायचं. त्याच्या बदली दुसऱ्यानं नारळ वाढवून चालत नाही.

आप्पांचं म्हणणं तितकंच कडक. बावीस प्रतिज्ञा आमच्या भिंतीवर नुसत्या टांगलेल्या नाहीत, घरात पाळलेल्या आहेत. "मी नवस बोललो नाही, मी फेडणार नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवेन. यावर दोन म्हाताऱ्यांचं वर्षानुवर्षं भांडण चालू होतं आणि दोस्तीही चालू होती. आता मात्र भांडणावर एकाचा जीव टांगला होता.

"हिऱ्याला भेटायला येतो," आप्पा म्हणाले. "खांदेरीचं नाव काढायचं नाही."

मी गाडीची चावी घेतली. नाव मी काढलं नाही, पण मनातून ते काढून टाकलंही नव्हतं.

कोर्लई

रोह्याच्या पुढे रस्त्याकडेच्या शेतात पोपटीची मडकी उलथी घातलेली दिसत होती. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला यांचा तो धुरकट वास गाडीत शिरला, आणि आप्पांनी गाडी थांबवायला लावली. ओळख ना पाळख, पण शेतातल्या मंडळींनी आम्हाला द्रोण भरून शेंगा दिल्या. हे रायगडात अजून होतं. पुढंही होत राहो.

साळावला पोचल्यावर खाडीवरच्या पुलाकडे न वळता मी गाडी कोर्लईला घातली. समुद्रात लांबवर घुसलेली टेकडी, तिच्यावर पोर्तुगिजांचा किल्ला आणि पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती. इथली माणसं घरात अजून एक भाषा बोलतात, जी पोर्तुगीज आणि मराठी एका पातेल्यात शिजून झाली आहे. हे मी वर्गात शिकवलंय. आप्पांना ते दुसऱ्याच वाटेनं ठाऊक होतं.

एका अंगणात आजीबाई बोंबील वाळत घालत होत्या. आप्पा सरळ आत गेले आणि म्हणाले, "आगू."

आजींनी मान वर केली, आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. मग विचारलं, "आमची भाषा कुठं शिकलास रे?"

"मलाक्कात. तिकडं पोर्तुगिजांची एक वस्ती आहे, तिथली माणसं पाण्याला आगू म्हणतात."

"ते कुठं आलं?"

"सिंगापूरच्या अलीकडं. बोटीनं लई लांब."

"तिथं पण आमची माणसं?" आजींना हे पटेना. "करतात काय तिथं?"

"मासेच मारतात."

"मग बरोबर," आजी म्हणाल्या, आणि आप्पांना बाजूला सरकवून पुन्हा बोंबलांकडे वळल्या. त्यांची सावली वाळवणावर पडत होती.

किल्ल्यावरून खाली पाहिलं की एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. पलीकडं रेवदंडा, म्हणजे जुनं चौल बंदर. इथून निघालेली गलबतं कोचीनला, कोचीनहून मलाक्काला जात. कापड घेऊन जात, लवंग आणि चिनी भांडी घेऊन येत. बुरुजावर बसून मी आप्पांना त्या प्रसिद्ध जहाजाची गोष्ट सांगितली. पोर्तुगिजांनी मलाक्का जिंकलं, लुटलं, लूट एका जुन्या जहाजावर चढवली आणि ते जहाज सुमात्राच्या किनाऱ्याला वादळात फुटलं. ते सोनं आजतागायत लोक शोधतायत.

"आणि चाचे कोणाला म्हणतात?" आप्पांनी विचारलं. "लुटणाऱ्याला, की ज्याला लुटलं त्याला?"

प्रश्न रास्त होता. आपल्या किनाऱ्यावरच्या मराठी आरमाराला इंग्रजांनी सरसकट चाचे म्हटलं, कारण ते आपल्या पाण्यातून जाणाऱ्याला परवाना मागायचे. परवाने तर पोर्तुगीजही विकायचे आणि इंग्रजही, पण त्याला व्यापार म्हणायचं! तिकडं मलायाच्या समुद्रातही हेच झालं. ओरांग लाउत म्हणजे दर्याची माणसं, सुलतानाचं आरमार सांभाळायची, वाटाड्यांचं काम करायची. सुलतानांची सद्दी संपली आणि तीच माणसं गोऱ्यांच्या कागदोपत्री चाचे झाली. आमचे कोळी तिकडं जन्मले असते तर त्यांनाही हेच नाव पडलं असतं, याबद्दल मला जराही शंका नाही.

रेवदंड्याच्या तटाच्या आत आता नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. एका पडक्या भिंतीशी ताजे खड्डे दिसले. वाडीवाले काका पाणी लावत होते, ते म्हणाले, "पाद्र्यांनी जाताना सोनं पुरलं म्हनतात. कोन कुठून येतात, खनतात नि जातात. बुजवायचं आमी. परवा एका खड्ड्यात आमची म्हस पडली."

"सोनं मिळालं कोणाला?" मी विचारलं.

"म्हस मिळाली ना आमाला परत, तेच सोनं."

आप्पा खूप वेळानं मोकळं हसले. मग गाडीत बसल्यावर आपण होऊन सांगायला लागले. मलाक्काच्या त्या चाच्यांनी काय नेलं, तर रंगाचे डबे, नवे दोरखंड, कप्तानाच्या तिजोरीतली रोकड, सगळ्यांची घड्याळं आणि बूट. हिरामणकाकांनी ताराकाकींसाठी सिंगापुरात घेतलेला टेपरेकॉर्डरही गेला. "पोरं होती सगळी. एकाच्या अंगात फाटका बनियन. तुझ्या पुस्तकातल्या पेट्याबिट्या काही नाहीत. गरीब माणूस दुसऱ्या गरीब माणसाचे बूट काढून घेत होता."

तिजोरीची किल्ली द्यायला कप्तान वेळ लावत होता, म्हणून त्यांनी आप्पांच्या मानेवर लांब कोयता टेकवला. शेजारी हात बांधून बसवलेल्या हिरामणकाकांनी तेव्हाच मोठमोठ्यानं वेताळाला हाका मारायला सुरुवात केली. चाच्यांनी दरडावलं, लाथ घातली, तरी ते थांबले नाहीत. "मान माझी, कोयता माझ्या मानेवर, आणि हा परस्पर देवाशी बोलणी करतोय!" आप्पा म्हणाले. एवढं बोलून त्यांनी काच खाली केली आणि अलिबाग येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

थळ

थळला पोचलो तेव्हा ताराकाकींच्या चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या फुगत होत्या. कोळणीच्या हातची मांदेली एकदा खाल्ली की बाकी ठिकाणच्या माशांना नावं ठेवायची सवय लागते. आमच्या तळ्याकडं खाडीचे मासे, चिंच-कोकमात मुरवलेले. इथं मासा जाळ्यातून तव्यावर येतो आणि मसाल्यानं मध्ये पडायचं नसतं. मी किती खाल्लं ते इथं लिहीत नाही.

हिरामणकाका मात्र खुर्चीत बसून होते. एकेकाळी दोन माणसांचं ओझं उचलणारा हा माणूस आता ताटावरून उठतानाही दम घेत होता. पाहून मला गलबलून आलं. आप्पांनाही आलं असणार, कारण ते लगेच भांडायला लागले.

"मुंबईला कधी जातोस?"

"तू खांदेरीला कवा येतंस?"

"मी येत नाही हे तुला माहीत आहे."

"मंग मी पन जात न्हाय. वेताळाचं देनं डोक्यावर ठेवन मी त्या टेबलावर निजू? उठलोच न्हाय तर?"

"तुझा वेताळ, तुझा नवस. मला कशाला गुंतवलंस?"

"तुझी मान कापाया लागले व्हते रं! तुला इचारत बसू?"

ताराकाकींनी भाकरीचं ताट दाणकन खाली ठेवलं. "तुमी दोघं भांडा. मी पांढरं लुगडं आनून ठेवते." यावर दोघंही मांदेलीचे काटे काढत बसले.

संध्याकाळी आम्ही बापलेक किनाऱ्यावर फिरायला गेलो. खताच्या कारखान्याचे दिवे लागले होते. समोर पाण्यात उंदेरी, तिच्यामागे जरा लांब खांदेरी. एक सिद्दीनं बांधलेली, दुसरी मराठ्यांनी, एकमेकींवर तोफा रोखून. आता मला राहवेना, मी आप्पांना सुनावलं. तुमचं तत्त्व मला मान्य आहे, मीही त्याच घरात वाढले, पण त्या माणसाला काही झालं तर ते तत्त्व घेऊन तुम्ही ताराकाकींपुढे कसे उभे राहाल? आप्पा वाळूत उभे राहून दोन्ही बेटांकडे बघत होते. मला वाटलं, हरले मी.

खांदेरी

सकाळी उठून पाहते तर आप्पा अंथरुणात नाहीत. धक्क्यावर गेले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते होडीत बसलेले. हिरामणकाकांचे धाकटे भाऊ राघूकाका, जे आता घरची होडी चालवतात, डोळे चोळत त्यांच्याकडे बघत होते.

"जाऊन हिऱ्याला उठव," आप्पांनी मला फर्मावलं. "भरती कोणासाठी थांबत नाही."

मी पळत जाऊन सांगितलं. ताराकाकींनी हात जोडून कपाळाला लावले आणि लगेच नारळ, कोंबडा, हळद-कुंकू यांची जमवाजमव सुरू केली. हिरामणकाकांचा चेहरा मात्र खुलायच्या ऐवजी उतरला. "आज? आजच कशाला? वारा हाय," ते म्हणाले. वारा असा नव्हताच. समुद्र तव्यासारखा सपाट पडला होता. मला तेव्हाच जरा नवल वाटलं.

होडीत कोंबडा माझ्या मांडीवर होता. त्याला बोट लागली नाही, मला लागली. उंदेरीच्या काळ्या तटाला वळसा घालताना राघूकाकांनी सांगितलं की या दोन बेटांच्या मधल्या पाण्यात मोहरांनी भरलेलं गलबत आहे, अवसेला त्याचा कंदील दिसतो. तुम्ही पाहिलात का, विचारल्यावर म्हणाले, "माज्या सासऱ्यानं बघितला." सगळीकडे सासऱ्यानंच बघितलेला असतो. मग खांदेरीच्या धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवर माझा पाय घसरला, राघूकाकांनी दंड धरला म्हणून मी वाचले, आणि डाव्या पायातली नवीकोरी चप्पल बुडाली. खांदेरीच्या पाण्यातल्या खजिन्यात माझी तेवढी भर.

बेट सुंदर आहे. टेकडीवर दीपगृह, तटावर तोफा. एक तर अजून आपल्या लोखंडी गाड्यावर चाकांसकट उभी. एक मोठा दगड असा, की त्यावर गोटा मारला तर भांड्यासारखा खणखणतो. मी मारून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि आप्पांनी डोळे वटारले तेव्हा थांबले. इंग्रजांनी वेढा घातलेला असताना रात्री छोट्या होड्यांतून इथं सामान पोचवणारे याच किनाऱ्याचे लोक. त्यांच्या होड्या उथळ पाण्यातून, इंग्रजांची मोठी जहाजं बाहेर ताटकळत. हे वर्गात सांगताना माझा आवाज चढतो, तिथं उभी असताना तर चढलाच.

वेताळाचं देऊळ धक्क्याजवळच आहे. आत मोठी शिळा, तिला दर्यावर्दी पिढ्यान्‌पिढ्या मानत आलेले. हिरामणकाका राघूकाकांच्या खांद्यावर हात टाकून आत गेले. आप्पा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, ताठ, हात पाठीमागे बांधून. बोटीवर कप्तान पाहणीला आला की खलाशी उभे राहतात तसे.

हिरामणकाकांनी गाऱ्हाणं घातलं. "बाबा वेताळा, तुला बोललो व्हतो, दोघांना जित्ता ठेव, दोघं तुझ्या पायाशी येव. उशीर झाला. हा मानीत न्हाय, पन आला हाय. तो वाकनार न्हाय. त्याच्या वाटचा मी वाकतो. गोड मानून घे." आणि खरंच ते दोनदा वाकले, दुसऱ्यांदा उठताना दम लागला म्हणून आप्पांनी त्यांना काखेत हात घालून उचललं. नारळ फुटला. कोंबड्याचं काय झालं ते वाचकांनी समजून घ्यावं.

बाहेर येऊन दोघं गाड्यावरच्या तोफेजवळ सावलीला बसले.

"झालं?" आप्पा म्हणाले. "मी उभा राहिलो. आता तू मुंबईला जाऊन आडवा हो."

"बघू. शिमगा होवंदे. होळीला घरचा पुरुष लागतो."

"हिऱ्या."

"राघूची जाळी पन इनायची हायेत."

"हिऱ्या, माझ्याकडं बघ."

हिरामणकाका बघेनात. हातातल्या नारळाची शेंडी उपटत बसले. मग एकदम त्यांचे डोळे भरून आले आणि ते लहान आवाजात म्हणाले, "मना भ्या वाटतंय रं गोत्या. छाती फोडतात ती. मना वाटलं, तू काय येनार न्हाय. तू येनार न्हाय म्हून तर मी नवस मधी घातला."

मी थक्क झाले. ज्या हट्टापायी ताराकाकी रडत होत्या, आम्ही धावत आलो, त्या हट्टाच्या आडोशाला हा धिप्पाड माणूस भीती लपवून बसला होता. आणि दोस्त तत्त्वाला पक्का आहे, म्हणून आडोसाही पक्का!

"ठाऊक होतं," आप्पा म्हणाले. "म्हणून तर आलो."

मग आप्पाच पुढं म्हणाले, "त्या दिवशी मानेवर कोयता होता तेव्हा मीही गारठलो होतो. तू शेजारी बडबडत होतास, तेवढा आवाज धरून बसलो. देवाचं मला माहीत नाही. आवाज तुझा होता." त्यांनी हिरामणकाकांच्या हातातला नारळ काढून घेतला. "आता तू आत जा. मी बाहेर बसून बडबडतो."

"तू काय बडबडशील? तुला तर देव न्हाय."

"शिव्या देईन तुला. परस्पर नवस बोलल्याबद्दल. पुष्कळ साठल्यात."

हिरामणकाका आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम. राघूकाका धक्क्यावरून ओरडले की भरती उतरायला लागली, निघायला हवं. परतीच्या वाटेवर अख्ख्या होडीत एकच माणूस बोलत होता आणि ते होते हिरामणकाका. कुठल्या पिशवीत काय भरायचं, हे ते काकींना फोनवर ओरडून सांगत होते.

त्याच आठवड्यात मांडव्याहून रो-रो बोटीनं आम्ही सगळे मुंबईला गेलो. ऑपरेशन चाललं होतं तेवढा वेळ आप्पा बाहेर बाकावर बसून, दाराकडे तोंड करून, बोटीवरच्या ठेवणीतल्या शिव्या एकामागून एक देत होते. नर्सबाई येऊन दटावून गेल्या. ताराकाकींनी त्यांना समजावलं, "बोलूंदे त्याला, बाई. आत ऐकू जात आसंल."

हिरामणकाका शुद्धीवर आले, तेव्हा आप्पांचा घसा पार बसला होता.